पुलाशिवायचा नकाशा

बोटीला अजून बराच वेळ होता. म्हणून जर्मनीतल्या रूडेसहाइमच्या धक्क्याकडे पाठ करून मी ऱ्हाईनच्या काठानं वर, प्रवाहाच्या उलट दिशेला चालत निघाले. बघायला काय निघाले होते? तर नसलेला पूल. थोडं चालल्यावर तो दिसला, म्हणजे त्याचं जे काही उरलंय ते. काठावर झाडोऱ्यात उभं असलेलं काळपट दगडी बांधकाम, आणि पुढे नुसतं पाणी. हा हिंडेनबुर्ग पूल. रेल्वेसाठी बांधलेला, १९१५ मध्ये पुरा झालेला. १९४५ मध्ये, युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत तो पडला आणि पुन्हा कुणी बांधला नाही.

पिशवीतून लाल पुस्तक काढलं आणि घडीचा नकाशा उलगडला. १९११ चं बेडेकर, म्हणजे ऱ्हाईनवरचं प्रवास-मार्गदर्शक. नकाशात इथं पूल नाही, कारण तेव्हा तो नव्हताच. आजही नाही. मधल्या तीसेक वर्षांत मात्र हा नकाशा चुकीचा होता. मग काहीही न करता, नुसता घडीत पडून राहून, तो पुन्हा बरोबर ठरला.

जुन्या प्रवास-मार्गदर्शकांच्या नादाला मी लागले त्याचं कारण हेच. लाल कण्यांची रांग कपाटात छान दिसते हे कबूल, पण मला ती पुस्तकं त्यांच्या मूळ रस्त्यावर घेऊन जायची असतात. आणि रस्ता एकच, बिंगेन ते कोब्लेंझ. नदीचा हा पासष्ट किलोमीटरचा तुकडा २००२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. बाकीच्या युरोपची पुस्तकं कुणी फुकट दिली तरी मी घेत नाही. (एकदा घेतलं होतं, स्वित्झर्लंडचं. अजून उघडलेलं नाही.)

ऱ्हाईनच का, याला एक सबळ कारणही आहे. आज ज्याला आपण गाइडबुक म्हणतो ती चीज घडली ती बरीचशी याच काठावर. योहान ऑगस्ट क्लाइन नावाच्या प्राध्यापकानं माइन्झ ते कोलोन या प्रवासावर लिहिलेलं पुस्तक १८२८ मध्ये कोब्लेंझच्या एका प्रकाशकानं काढलं. पुढे तो प्रकाशक बुडाला. त्याच गावातल्या कार्ल बेडेकर नावाच्या तरुण पुस्तकविक्रेत्यानं १८३२ मध्ये तो व्यवसाय विकत घेतला आणि त्याबरोबर क्लाइनचं पुस्तकही त्याच्याकडे आलं. आडनाव आपल्यापैकीच कुणाचं वाटावं, पण माणूस पक्का जर्मन. १८३५ मध्ये त्यानं सुधारलेली आवृत्ती काढली आणि नंतर सुधारतच राहिला. तिकडे लंडनमध्ये जॉन मरे यांची प्रवासपुस्तकं १८३६ पासून निघू लागली होती. बेडेकरनं मरेकडून लाल बांधणी उचलली आणि ती इतकी स्वतःची करून टाकली, की आज लाल म्हटलं की मरे कुणालाच आठवत नाही. कार्लच्या काटेकोरपणाचा एक किस्सा सांगतात. मिलानच्या कॅथेड्रलच्या छतावर जायच्या पायऱ्या मोजताना त्याच्या एका खिशात वाटाणे भरलेले असायचे. दर वीस पायऱ्यांना एक वाटाणा दुसऱ्या खिशात. वर पोचल्यावर वाटाण्यांना विसानं गुणायचं आणि उतरताना ताळा करून बघायचा.

बोट आली. वरच्या डेकवर कठड्याशी जागा मिळाली. शेजारचे एक आजोबा पुस्तकाकडे बघत होते. मी ते त्यांच्या हातात दिलं, तर त्यांनी सगळ्यात आधी मागची पानं उलटून नकाशे मोजले. मी ओळखलं, हे आमच्यातले.

कारण नकाशे मोजणं हा या छंदातला पहिला धडा, आणि मी तो ठेच लागून शिकले. सुरुवातीला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी एक प्रत मागवली होती. वर्णनात ‘उत्तम स्थिती’ असं लिहिलं होतं आणि फोटोत बांधणी खरंच झकास होती. पुस्तक हातात आलं तेव्हा कळलं की कोलोन ते कोब्लेंझचा नकाशा मुळाशी पात्यानं, अगदी सरळ रेषेत कापून नेलाय. जुने नकाशे चौकटीत घालून भिंतीवर लावायला सुटे विकले जातात आणि पुस्तकापेक्षा सुट्या नकाशांचे पैसे कधीकधी जास्त येतात. कापणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही. तेव्हापासून एक वही ठेवलीय. प्रत्येक प्रतीचे दोष त्यात लिहायचे: कणा उडालेला, पानांवर तांबूस ठिपके, खुणेची फीत तुटलेली, अमुक पानाला चहाचा डाग. गुण लिहीत नाही, ते दिसतात.

दुसरा धडा वय ओळखण्याचा. शीर्षकाचं पान गेलेली प्रत समोर आली तर मी आधी पैसे बघते. हॉटेलांचे आणि बोटींचे दर थालर आणि सिल्बरग्रोशेनमध्ये असतील, तर पुस्तक मार्क रुळण्याच्या आधीचं, म्हणजे १८७० च्या दशकाच्या मध्याच्या अलीकडचं नाही. मग कोलोनचं कॅथेड्रल. १२४८ मध्ये सुरू झालेलं हे काम सोळाव्या शतकात थांबलं ते थेट १८४२ पर्यंत. तोवर अर्धवट दक्षिण मनोऱ्यावर मध्ययुगीन लाकडी क्रेन तशीच उभी होती आणि ती उतरवली १८६८ मध्ये. जुन्या चित्रात क्रेन दिसली की मला ओळखीचा माणूस भेटल्यासारखं होतं. मनोरे पुरे झालेले असतील तर वर्ष १८८० किंवा पुढचं. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे कोब्लेंझचं स्पेलिंग. जर्मनीत १९२६ पर्यंत ते अधिकृतपणे ‘सी’नं लिहीत, नंतर ‘के’नं. नेमकी त्याच वर्षी ऱ्हाईनची एक इंग्रजी आवृत्ती निघाली. ती काढणाऱ्यांची काय तारांबळ उडाली असेल!

बाखाराख मागे पडलं. काउबच्या समोर नदीच्या मधोमध बोटीसारखा दिसणारा जकातीचा किल्ला आला आणि सगळे एका बाजूला धावले. आजोबा जागचे हलले नाहीत. त्यांचं लक्ष काठावरच्या पांढऱ्या पाट्यांकडे होतं. कोन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेले किलोमीटर त्यांवर लिहिलेले असतात. ही मोजणी १९३९ पासूनची, त्यामुळे माझ्या पुस्तकाला ती ठाऊक नाही. ५५४ ची पाटी दिसली की लोरेलाय. १३२ मीटरचा कडा, वळण, आणि लाउडस्पीकरवर गाणं. पूर्वी इथं बोटीवरून बार काढून प्रतिध्वनी ऐकवायचे. आता दोन्ही काठांनी रेल्वे धावते. आमची बोट वळणावर आली तेव्हाच एक लांबलचक मालगाडी बोगद्यातून बाहेर पडली. गाणं, गाडी आणि डेकवरच्या शाळकरी पोरांच्या आरोळ्या, सगळ्यांचा मिळून जो प्रतिध्वनी उठला तो पुस्तकात लिहायच्या लायकीचा होता.

विसबाडेनपासून कोब्लेंझपर्यंत, साधारण ऐंशी किलोमीटर, नदीवर आज एकही पूल नाही. गाड्या, सायकली, माणसं, सगळं फेरीनं जातं. पूल हवा की नको यावर काठावरच्या लोकांचा वर्षानुवर्षं वाद चाललाय. मी बाहेरची, माझ्या मताला किंमत नाही. पण मत आहे: पूल झाला तर माझा नकाशा पुन्हा चुकेल.

युद्धानं या पुस्तकांचं काय केलं तेही बोटीवर आठवत राहिलं. १९४२ मध्ये जर्मन विमानांनी एक्सेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क, कँटरबरी या शहरांवर बाँब टाकले, त्या हल्ल्यांना ‘बेडेकर हल्ले’ असंच नाव पडलं. एका जर्मन अधिकाऱ्यानं म्हणे जाहीर केलं होतं, की बेडेकरमध्ये तीन तारे असलेली ब्रिटनमधली प्रत्येक इमारत उडवू. मुळात बघण्यासारख्या ठिकाणांना बेडेकर दोनाच्या वर तारे देतच नसे. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटिश विमानांनी लाइपझिगवर हल्ला केला. बेडेकरचं कार्यालय १८७२ पासून तिथं होतं, ते दप्तरासकट जळालं. म्हणून हे कागद आता आमच्यासारख्यांच्या कपाटांतून शोधावे लागतात.

कोब्लेंझला उतरले ती थेट टोकावर गेले, जिथं मोझेल ऱ्हाईनला मिळते. तिथं कैसर विल्हेल्म पहिला याचा भलामोठा अश्वारूढ पुतळा आहे. उभारला १८९७ मध्ये, उडाला १९४५ मध्ये. नंतर कित्येक वर्षं तिथं नुसता चौथरा होता, त्यावर झेंडा. १९९३ मध्ये पुतळा पुन्हा बसवला. माझ्याकडे १९६० च्या दशकातलं एक पातळ गाइड आहे, त्यातल्या फोटोत चौथरा रिकामा दिसतो. म्हणजे इथंही थोरली बहीण, १९११ ची, बरोबर आणि धाकटी खोटी. सगळंच काही परत येत नाही, हेही खरं. समोरच्या एरेनब्राइटश्टाइनला जाणारा होड्यांचा पूल १९११ मध्ये होता. आता त्याच नदीवरून रोप-वेच्या काचेच्या डब्या जातात. कार्ल बेडेकरनं तारांची संख्या मोजली असती.

नकाशा आणि समोरचा देखावा जुळवून बघावा म्हणून टोकाच्या कठड्यावर तो पूर्ण उलगडला. दोन नद्यांचा वारा एकत्र येतो त्या जागी शंभर वर्षांच्या कागदाचा नकाशा उलगडू नये, हे कुठल्याच गाइडमध्ये लिहिलेलं नाही. चर्र आवाज झाला. मोझेलच्या बाजूची घडी सुटली.

तिथल्याच बाकावर बसून आधी नकाशा जपून मिटला. मग वही काढली आणि १९११ च्या नोंदीखाली लिहिलं: ‘नकाशा, कोब्लेंझजवळ घडीवर फाटलेला, एक इंच. माझ्या हातून.’