मायचे मोजे, आणि दुकानात न सापडलेला टेप

मायच्या पायाच्या शिरा कित्येक वर्षांपासून फुगलेल्या. उभं आयुष्य रानात गेलं. घोट्याजवळची कातडी काळी पडून खाज सुटली, तेव्हा परभणीहून तिला छत्रपती संभाजीनगरला नेलं. डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, झाली. शिरांतल्या झडपा नीट मिटत नाहीत, रक्त खाली साचतं, असं निदान निघालं. त्यावर डॉक्टरांनी पायावर दाब देणारे घट्ट मोजे (कॉम्प्रेशन स्टॉकिंग) सांगितले. मायला शुगर आहे, म्हणून डॉक्टरांनी दंडाचं आणि घोट्याचं बीपी मोजून पायात रक्त नीट पोचतंय का तेही पाहिलं. ही तपासणी कुणीच टाळू नका. आधीच रक्त कमी पोचणाऱ्या पायावर घट्ट मोजा चढवला, तर पायाला इजा होऊ शकते.

अडलं ते सर्जिकलच्या दुकानात. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेलं: गुडघ्यापर्यंत, क्लास 2, म्हणजे मोजा किती दाब देतो त्याची श्रेणी. दुकानदाराने साडीच्या काठाखाली दिसणाऱ्या पायाकडे एकदा पाहिलं आणि खोका पुढे सरकवला, "मावशीला एल बसतंय." खोक्यावर दाबाचा आकडाच नव्हता. विचारलं, तर म्हणाला, "सगळे सारखेच असतात ताई."

सारखे नसतात! जर्मन मानकात क्लास 1 म्हणजे 18 ते 21 मिलिमीटर पारा (बीपी मोजतात तेच दाबाचं माप), क्लास 2 म्हणजे 23 ते 32. अमेरिकी पद्धतीच्या खोक्यावर सरळ 20-30 असं छापलेलं असतं. देशागणिक क्लास बदलतो, म्हणून डॉक्टरांकडून आकडाच लिहून घ्या आणि खोक्यावरही आकडाच वाचा.

"माप घ्या," म्हटलं, तर दुकानात टेपच नाही. मापावर विकायची वस्तू, आणि टेप नाही! दुसऱ्या दुकानात पांढरे मोजे काढून दिले, ऑपरेशननंतर घालतात ते. ते अंथरुणावर पडून असलेल्या पेशंटच्या पायात गुठळी होऊ नये म्हणून असतात. चालत्याफिरत्या बाईच्या फुगलेल्या शिरांना त्यांचा दाब पुरत नाही. तिथेही तेच: आधी पैसे भरा, खोका फोडला की माल परत नाही. माय उन्हात दमली होती, "घे बाई कोणताबी," म्हणत होती. मला मात्र संताप आवरेना. डोळे मिटून घेतलेला मोजा तिलाच रोज दिवसभर घालायचा होता.

शेवटी माप घरीच घेतलं. सकाळी, माय अंथरुणातून उठायच्या आत, कारण दुपारपर्यंत पाय सुजतो आणि माप मोठं येतं. घोट्याच्या हाडाच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक असतो तिथला घेर, पोटरीच्या सगळ्यात जाड भागाचा घेर, आणि गुडघ्यामागच्या घडीपासून तळव्यापर्यंतची उंची. दोन्ही पायांचं वेगवेगळं. कागद घेऊन गेले आणि मोज्यासोबत येणारा मापाचा तक्ता मागितला. माझा आवाज चढल्यावर तो ड्रॉवरमधून निघाला.

मायचा घोटा एममध्ये, पोटरी एलमध्ये! नजरेने दिलेला एल घोट्यालाच ढिला राहिला असता, आणि या मोज्याचा सगळ्यात जास्त दाब घोट्यालाच हवा असतो. तो वर जाताना कमी होत जातो. अशा पायाला तयार मोजा बसत नाही, मापाप्रमाणे मागवावा लागतो. दुकानदार "एवढ्यातेवढ्याने काय होतंय" म्हणत राहिला, पण मी मापानेच मागवला. महाग पडला, थांबावं लागलं. आता पोटरीवर बसतो आणि संध्याकाळची सूज उतरली आहे, याचं मला फार समाधान आहे.

बोटं उघडी असलेला मोजा घ्या, आपल्याकडच्या उन्हात बरा पडतो. चढवताना आधी पायाच्या पुढच्या भागावर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी घालायची, मोजा तिच्यावरून सरकवायचा आणि पिशवी बोटांकडून ओढून काढायची. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड चांगली येते. वरची कड कधीच दुमडू नका, तिथे फास बसतो. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखायला लागली, तर लगेच काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

मोजा रोज हाताने कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. म्हणजे दोन जोड लागतातच. साधारण सहा महिन्यांनी ताण जातो. नवीन घेताना माप पुन्हा घ्या, सूज उतरल्यावर जुना आकडा चालत नाही.