फाळका लागण्याआधीच झालेला उशीर

किराणा मालाची डिलिव्हरी करणारा ड्रायव्हर रात्री नऊला घरी पोचला की खापर ट्रॅफिकवर फुटतं. ट्रॅफिक असतोच. भिवंडीच्या गोदामपट्ट्यातून, म्हणजे मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या बाजूने निघालेल्या गाडीला अंजूरफाटा नाहीतर कशेळीचा पूल बऱ्याचदा लागतो. पण रस्त्यावरचा वेळ रोज साधारण तेवढाच जातो. ज्या दिवशी दोन-अडीच तास जास्तीचे लागतात त्या दिवशी ते बहुतेक वेळा सकाळी डॉकवरच, म्हणजे गोदामात गाडी लावून माल भरायच्या जागीच, गेलेले असतात. गाडीचं चाकही तेव्हा फिरलेलं नसतं.

आधी हिशेब मांडू. गाडी छोटा हत्ती. हौदा सात फूट लांब, पाचाला थोडा कमी रुंद, भार ७५० किलो. डोंबिवलीतली २४ दुकानं. प्रत्येक दुकानात गाडी लावणं, माल काढणं, मोजून देणं, सही आणि पैसे घेणं याला १० मिनिटं धरली तर झाले ४ तास. दुकानागणिक प्रवासाला सरासरी ६ मिनिटं, म्हणजे २ तास २४ मिनिटं. गोदामातून जायला एक तास, यायला एक. सकाळी लोडिंगला २ तास, संध्याकाळी रोकड आणि रिटर्न (परत आलेला माल) जमा करायला पाऊण तास. बेरीज ११ तास ९ मिनिटं. हा सगळं सुरळीत झालेला दिवस, आणि तोही जेवणाचा अर्धा तास न धरता. रूट ठरवणाऱ्याने फक्त किलोमीटर पाहिले की असा रूट कागदावर 'हलका' दिसतो.

आता यात माल उलटसुलट भरलेला असेल तर प्रत्येक दुकानात पाचच मिनिटं जास्त धरा. २४ गुणिले ५, दोन तास. दिवस १३ तासांच्या वर गेला.

ही पाच मिनिटं येतात कुठून? बहुतेक गोदामांत रात्री माल काढला जातो तो वस्तूवार. पिकिंग लिस्टवर, म्हणजे काढायच्या मालाच्या यादीवर, साबणाची ६० खोकी असतात, ती अकरा दुकानांची मिळून एका पॅलेटवर (माल रचायच्या लाकडी चौकटीवर) येतात. मग तेल, मग बिस्किटं, मग चहा. हे पॅलेट पहाटे जसे समोर येतात तसे लोडर गाडीत रिचवतात. परिणाम असा की केबिनच्या बाजूला सगळा साबण, मधे तेल, फाळक्याशी, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेशी, बिस्किटं. आणि दुकानदाराची ऑर्डर असते सगळ्यातलं थोडं थोडं. पहिल्याच दुकानाला दोन खोकी साबण द्यायचा तर बिस्किटांची भिंत रस्त्यावर उतरवावी लागते आणि परत चढवावी लागते. परत चढवताना ती पहिल्यासारखी बसत नाही, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दुकानापर्यंत गाडीत कुठे काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

यावरचा उपाय सगळ्यांना तोंडपाठ असतो: शेवटच्या दुकानाचा माल आधी आत, पहिल्या दुकानाचा फाळक्याशी. पण सात फुटांत २४ दुकानांचा काटेकोर क्रम बसत नाही, आणि तसा आग्रह धरला की लोडर पहिल्या दहा मिनिटांत तो सोडून देतात. त्यापेक्षा चार गट करावेत, सहा-सहा दुकानांचे. डॉकच्या फरशीवर खडूने चार पट्टे आखायचे, वस्तूवार आलेला माल त्यांत दुकानवार वाटायचा, खोक्यावर मार्करने ड्रॉपचा, म्हणजे रूटमधल्या दुकानाच्या क्रमाचा, आकडा टाकायचा. दुकानाचं नाव लिहू नये. 'श्री गणेश' नावाची तीन दुकानं एकाच रूटला निघतात. मग चौथा पट्टा आधी भरायचा. प्रत्येक गटाला दीड फूट खोली येते आणि फाळक्याशी एक फूट मोकळं राहतं. ते मोकळंच ठेवायचं. खराब माल, मुदत संपलेले पुडे, रिकामे क्रेट हे सगळं दुकानातून परत येतं आणि जागा नसली की ते पुढच्या दुकानाच्या मालावर चढतं. या वाटणीला अर्धा तास जास्त लागतो म्हणून सुपरवायझर कुरकुरतो. अर्धा तास डॉकचा जातो आणि दोन तास ड्रायव्हरचे वाचतात. अडचण एवढीच की डॉकचा अर्धा तास सुपरवायझरच्या रिपोर्टमध्ये दिसतो, ड्रायव्हरचे दोन तास कुणाच्याच रिपोर्टमध्ये नसतात.

वजनदार माल मात्र क्रमाला जुमानत नाही. तेलाचा १५ किलोचा डबा पत्र्यासकट १६ च्या आसपास भरतो; असे ४० डबे म्हणजे ६४० किलो, गाडी तिथेच जवळजवळ संपली. हे डबे पहिल्या दुकानाचे आहेत म्हणून सगळे फाळक्याशी रचले तर वजन मागच्या चाकांच्याही मागे जातं, पुढचा भाग उचलल्यासारखा होतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. चढावर वळताना ते कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून डबे, साखर, आटा हे नेहमी तळाला, एकाच थरात, मागच्या चाकांवर आणि त्यांच्या पुढे. उघड्या हौद्याची गाडी असेल तर बाजूचा फाळका पाडून ते काढता येतात. बंद कंटेनरला ती सोय नाही, त्यामुळे तिथे जड मालाचं दुकान रूटमध्ये शेवटी टाकणं हाच मार्ग. भार ओलांडला तर दंड २० हजार रुपये, वर जादा टनामागे २ हजार. बिलावर बहुधा मालाचं निव्वळ वजन असतं. पत्रा, पुठ्ठा, पॅलेट त्यात नसतात हे ध्यानात ठेवावं.

खोकं नीट पाहिलं तर त्याची ताकद चार कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ रास रचली की खालचं खोकं तग धरतं. विटांच्या भिंतीसारखी आडवी-उभी रचना स्थिर वाटते, पण वरच्याचा कोपरा खालच्याच्या पोटावर येतो आणि तिथे ते दबतं. पावसाळ्यात पुठ्ठा दमट झाला की हे आणखी लवकर होतं. अशा खोक्याला आधी खालच्या कडेला एक आडवी घडी पडते, मग टेप सुटते, आणि दुकानात पोचेपर्यंत आतल्या बिस्किटांचा चुरा. दुकानदार 'डॅमेज' लिहून बिल कापतो. आणि खोक्याचं लेबल फाळक्याच्या बाजूला हवं. लेबल आत गेलं तर प्रत्येक खोकं फिरवून वाचावं लागतं. एवढी साधी गोष्ट, पण बऱ्याच गाड्यांत ती होत नाही.

मोजणीच्या चुका बहुतेक ठरावीक जागी होतात. २४ नगांचं आणि ४८ नगांचं खोकं दिसायला सारखं असतं. जुन्या आणि नव्या एमआरपीचा माल एकत्र येतो. आणि सगळ्यात जास्त चुकतात त्या स्कीमच्या वस्तू: बारावर एक फ्री असेल तर फ्रीचा नग बिलात वेगळ्या ओळीवर छापलेला असतो, माल सुटा असतो आणि पिकरच्या (माल काढणाऱ्याच्या) टेबलावरच राहतो. एका दुकानात एक खोकं शॉर्ट निघालं तर लगेच गोदामाला फोन लावू नये. आधी पुढच्या दोन-तीन दुकानांचा माल तपासावा. शॉर्ट निघालेलं खोकं बऱ्याचदा त्याच गाडीत दुसऱ्याच्या राशीत बसलेलं असतं. जादा आलेलं खोकं सहसा कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून ते उतरवण्याआधीच सापडायला हवं.

शॉर्टचे पैसे शेवटी कापले जातात ते ड्रायव्हरच्या पगारातून, आणि त्याचा आधार असतो त्याची सही. लोडिंग शीटवर छापलेलंच असतं की माल पूर्ण व सुस्थितीत मिळाला. घाईत मोजू दिलं नसेल तर सही नाकारून भांडण्यापेक्षा सहीशेजारी 'मोजणी करू दिली नाही' असं लिहून वेळ टाकावी. गाडीला सील असेल तर सीलचा नंबर लिहावा. अशा शेऱ्यानंतर सगळा दोष ड्रायव्हरवर ढकलणं सोपं राहत नाही.

आयत्या वेळी गाडी बदलली असेल तर ई-वे बिलाच्या (जीएसटीखाली माल नेण्यासाठी लागणाऱ्या ऑनलाइन कागदाच्या) भाग 'ब'मध्ये नवा गाडी नंबर पडलाय का तेही तिथेच पाहावं. राज्यांतर्गत मालाला महाराष्ट्रात ही भानगड एक लाखाच्या वरच्या बिलालाच लागते, पण मोठ्या दुकानाचं बिल सहज तेवढं होतं.

आता तासांचं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, हजेरीपासून सुट्टीपर्यंतचा पसारा १२ तासांच्या आत, ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि जादा तासांना दुप्पट दर असं होतं. तो कायदा आता २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत विलीन झालाय. आठ तास आणि दुप्पट दर तिथेही आहेत. हिशेबाला सोपं म्हणून मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,८०० रुपये धरा. २६ दिवसांनी भागले की ८०० रोज, १०० तासाला, ओव्हरटाइम २००. वरच्या १३ तास ९ मिनिटांच्या दिवसाचे जादा ५ तास ९ मिनिटं, म्हणजे १,०३० रुपये. दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त. मालकांना ट्रिपवर, म्हणजे फेरीमागे, पगार देण्याची पद्धत का आवडते ते इथे कळतं.

कामाच्या तासांत काय धरायचं याची व्याख्या मात्र नीट वाचावी. गाडी चालवण्याबरोबर माल चढवणं-उतरवणं, रोकड भरणं, रजिस्टरवर सह्या, गाडी ताब्यात घेणं, तिची देखभाल हे सगळं त्यात येतं. नुसतं हजर राहणं येतं ते १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तरच. म्हणून ट्रिपशीटवर 'वेटिंग २ तास' लिहिणाऱ्या ड्रायव्हरने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलेला असतो. त्या दोन तासांत खोकी मोजली असतील, रास लावून घेतली असेल, ताडपत्री बांधली असेल, तर 'मोजणी व लोडिंग' असंच लिहावं. खोटं मात्र लिहू नये. डॉकवर कॅमेरा असतो.

स्वतःची गाडी कंपनीकडे भाड्याने लावून (अटॅच करून) चालवणाऱ्याला यातलं फारसं काही लागू पडत नाही. त्याला ओव्हरटाइम नाही, फक्त डिझेल आणि हप्ता. त्याने करारातच दोन तासांपुढे डॉकवर थांबायला लागल्यास तासाला किती, हे लिहून घ्यावं.

नोकरीतल्या ड्रायव्हरने ट्रिपशीटवर सहा टप्प्यांच्या वेळा टाकाव्यात: गेटमध्ये आलो, डॉकला गाडी लागली, लोडिंग संपलं, पहिलं दुकान, शेवटचं दुकान, रोकड-रिटर्न जमा. ज्या दुकानात माल उपसायला लागला त्याच्यासमोर 'माल मागे होता' आणि मिनिटं. आठवडाभरात कोणत्या लोडरच्या पाळीत हे होतं ते आपोआप दिसतं. आणि शीट जमा करण्याआधी तिचा फोटो काढून ठेवावा, कारण मूळ कागद गोदामातच राहतो.