तुम्ही विचारलंत म्हणून: देवाला रक्त कशाला लागायचं?

मी कोकणातली मराठी ज्यू, आता इस्रायलमधल्या बेअर शेवा शहरात राहते. मुंबई-ठाण्याकडून कोणी पाव्हणे आले की मी त्यांना तेल बेअर शेवा, म्हणजे जुन्या बेअर शेवाचं उत्खनन झालेलं टेकाड, बघायला नेते, आमच्या शहराच्या पूर्वेला, गाडीने जवळच आहे. आत शिरतानाच जुन्या काळची बळी द्यायची वेदी उभी आहे, चार कोपऱ्यांना चार शिंगं, म्हणजे ही नक्कल, अस्सल जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये. फोटो होतात, टोप्या सारख्या होतात, आणि मग कोणीतरी हळूच विचारतंच, "ताई, तुमच्या देवाला एवढं रक्त कशाला हो लागायचं? आणि मग आता का नाही देत बळी?" पुण्याची मैत्रीण फोनवर हेच विचारते, भाच्याची शाकाहारी बायको विचारते, आता तर माझा नातू पण विचारतो, तो हिब्रूत विचारतो एवढाच फरक. म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन. मोशे, मिसर, दहा आज्ञा तुम्हाला माहितीयेत, ते सोडते.

पहिलं म्हणजे, आम्हालाच का विचारता? बळी ग्रीक देत होते, बाबेलवाले देत होते, आणि कोकणात राखणदाराचं कोंबडं आजही चुकत नाही. हे मी वर्षानुवर्षं ठसक्यात सांगत आले आणि खरं सांगायचं तर हे उत्तरच नाही, शेजारच्या पोराने काच फोडली म्हणून आपली फुटलेली काच जोडली जात नाही.

दुसरं, रक्तच लागायचं असंही नाही. वायिक्रात, म्हणजे ज्याला मराठी बायबलवाले लेवीय म्हणतात त्यात, पापासाठी मेंढी आण म्हटलंय, ऐपत नसेल तर दोन पारवे, तेही जमत नसेल तर थोडं सपिटाचं पीठ. पीठ! मूठभर वेदीवर जाळायचं आणि पाप फिटलं. हे सांगितलं की पाव्हणे खूश होतात. मग मीच गप्प बसते, कारण त्याच पुस्तकात थोडं पुढे लिहिलंय की जीव रक्तात असतो आणि वेदीवर रक्त हेच प्रायश्चित्त. वेदीला हिब्रूत मिझ्बेआह म्हणतात, शब्दच कापण्यावरून आलाय. पिठाच्या आड किती लपणार.

आता त्या दगडांचं. आम्ही १९७१ ला आलो, १९७३ ला पुरातत्त्वज्ञ अहारोनींच्या उत्खननात या वेदीचे दगड सापडले, तेव्हा मी याच शहरात नर्स म्हणून नाइट ड्युट्या करत होते आणि मला गंधही नव्हता. गंमत म्हणजे वेदी उभी सापडलीच नाही. कोठाराच्या भिंतीत इतर दगडांसारखे हे दगड चिणलेले होते, तीन शिंगं धड, चौथं तुटलेलं, एका दगडावर साप कोरलेला. जोडल्यावर उंची साधारण १.६ मीटर, माझ्यापेक्षा जरा जास्तच. आणि दगड छान घडवलेले! तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, तर साफ म्हटलंय की मातीची वेदी कर, दगडाची केलीस तर घडवलेले दगड नकोत, त्याला हत्यार लावलंस की ती बाटली. आराद नावाच्या दुसऱ्या जुन्या किल्ल्यात तशी सापडली, माती आणि ओबडधोबड दगडांची. इथे मात्र कोणीतरी सरळ छिन्नी चालवली. (आरादच्या आतल्या छोट्या धूपवेदीवर गांजाचे अंश सापडले, हे २०२० ला छापून आलं तेव्हापासून नातवाला या विषयात अचानक रस आलाय.)

मोडली कोणी? मी छातीठोक सांगायचे, हिज्कीया राजाने, कारण बायबलमधल्या राजेच्या पुस्तकात आहे की त्याने गावोगावची पूजास्थानं काढून टाकली आणि एकाच वेदीसमोर नमन करा म्हणाला, जेरुसलेमच्या. अहारोनींचंही तेच मत होतं. मग एका पाव्हण्याने, रिटायर्ड प्रोफेसर होते, शांतपणे सांगितलं की दुसरे पुरातत्त्वज्ञ यादिन म्हणायचे हिज्कीया नाही, योशीया, म्हणजे जवळपास शंभर वर्षं नंतर. मी घरी येऊन वाचलं आणि गप्प झाले. कोणी मोडली हे मी आता सांगत नाही. मोडल्याने काय झालं ते सांगते, कारण माझं सगळं तिथेच अडकलंय.

वायिक्रात म्हटलंय की बैल, मेंढरू, बकरा कापायचा तर पवित्र मंडपाच्या दारात आण, नाही आणलास तर तो खून धरला जाईल. म्हणजे साधं घरी खायचं मटणसुद्धा वेदीवरून जायचं, रक्त देवाचं, चरबी देवाची, मांस तुझं. पण सगळ्या वेदी बंद करून जेरुसलेमची एकच ठेवली तर लांबच्या गावातल्या माणसाने काय करायचं? म्हणून द्वारीममध्ये, मराठीत अनुवाद, परवानगी आहे, आपल्या गावात काप आणि खा, फक्त रक्त खाऊ नको, पाण्यासारखं जमिनीवर ओत. वेदी गेली, मटण राहिलं. पुढे इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर जाळलं, तेव्हा ती उरलेली एक वेदीही गेली, म्हणून आम्ही आता बळी देत नाही, हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

आणि आता जे मी कोणाला नीट सांगितलं नाही ते.

रेवदंड्याजवळ आमचं घर. मी नऊ वर्षांची, मोठा भाऊ टायफॉइडमधून उठला, आईने एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिद्याचा नवस बोलला होता. चार महिने आधी पप्पांनी बकरा आणलेला, कपाळावर पांढरा ठिपका, मी त्याला चांद्या म्हणायचे, फणसाची पानं माझ्याच हातून खायचा. नवस फेडायच्या दिवशी सकाळी हजान, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात प्रार्थना म्हणणारे, आले. सुरी काढली, नखावरून दोन्ही बाजूंनी फिरवून बघितली, धारेला कुठे खाच आहे का ते, मग पुसली, परत बघितली. चांद्या कोणाला हात लावू देईना. पप्पा म्हणाले, "बायो, तू धर, तुझ्याजवळ शांत राहील." मी डोक्यावर हात ठेवला आणि तो खरंच शांत राहिला. शिंगांच्या मुळाशी गरम असतं, तुम्हाला माहितीये? हजानांनी आशीर्वाद म्हटला, एकदाच हात फिरला. मी हात काढला नव्हता, कोणी काढायला सांगितलंच नाही.

त्याआधी दोन कोंबड्या कापलेल्या, त्यांच्या रक्तावर हजानांनी राख टाकली होती. चांद्याचं रक्त तसंच उघडं राहिलं, अंगणात. मी रडत रडत म्हटलं, याच्यावर पण टाका ना. ते म्हणाले, "पक्ष्याचं झाकायचं, बकऱ्याचं नाही, असाच कायदा आहे." का, ते त्यांनी सांगितलं नाही, बहुतेक त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे चाळीस वर्षांनी वायिक्राचा पहिला अध्याय वाचताना चौथ्या ओळीला थांबले. बळी आणणाऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवावा. म्हणजे आणणाऱ्याने स्वतः, पाठवून दिला आणि मोकळा झाला असं नाही. आणि मग ते उघडं रक्त डोक्यात आलं. कोंबडी-हरणाचं झाकतात. बकरा हा वेदीचा प्राणी, त्याच्या रक्तावर एकेकाळी वेदीचा हक्क होता, म्हणून ते आजही झाकत नाहीत, असं मला वाटतं, जणू कोणीतरी घ्यायला येणार आहे. आमच्या अंगणात कोणी आलं नाही, दुपारी कावळे आले.

म्हणून मी पाव्हण्यांना सांगायला लागले की वेदी रक्तासाठी नव्हती, हिशोबासाठी होती, जीव घेतलास तर इथे येऊन सांग. बायकांच्या डोळ्यात पाणी यायचं. पण तरुणपणची मी, जी म्हणायची की हे सगळं जुनाट आहे, ती मागून टोचते: हिशोब कसला, शेवटी चरबीचा धूर देवाला आवडतो असं स्वच्छ लिहिलंय, तुझ्या चांद्याला हिशोबाने काय फरक पडला? आणि यशया संदेष्टा तर देवाच्याच तोंडून म्हणतो, बैलांच्या रक्ताने मला आनंद होत नाही, हे आणायला तुम्हाला सांगितलं कोणी? सांगितलं कोणी म्हणजे काय, तूच ना! इथे माझी दोन्ही बाजूंनी पंचाईत होते. रब्बींना विचारलं तर ते तीन उत्तरं देतात आणि चहा मागवतात.

आणखी एक, ही गोष्ट सांगताना मी नेहमी गाळते. त्या दिवशी मी मटण खाल्लं नाही, आईने मलिद्याची वाटी दिली, पोहे, गूळ, ओलं खोबरं, तेवढंच खाऊन झोपले, इथपर्यंत सांगते आणि थांबते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने उरलेला रस्सा गरम केला, नारळाच्या दुधातला, तांदळाच्या भाकरीबरोबर. दोन वेळा घेतला मी. पप्पा बघत होते, काही बोलले नाहीत.