नॅशनल्स २०१९ स्कोअरबुक: १७९ वा सामना लिहून झाला

मंडळी, मागच्या नोंदीत सप्टेंबरपर्यंत पोचलो होतो. रविवारी दुपारी शेवटचा सामना लिहून पूर्ण केला. नियमित मोसमाचे १६२ आणि त्यापुढचे १७, असे वॉशिंग्टन नॅशनल्स या अमेरिकी बेसबॉल संघाचे २०१९ सालचे सगळे १७९ सामने आता चार रजिस्टरांत पेन्सिलने उतरले आहेत. जिथे पूर्ण चित्रफीत मिळाली तिथे ती बघत लिहिलं, बाकीचे सामने चेंडूवार नोंदीवरून. ताळा सगळीकडे रेट्रोशीट या जुन्या सामन्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळाशी.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं सांगतो. शाळेत असताना आंतरशालेय सॉफ्टबॉलला मी गुणलेखक होतो, पुढे कॉलेजच्या क्रिकेट संघाची वहीही माझ्याकडेच असायची. बेसबॉलच्या गुणलेखनाकडे वळलो तेव्हा हेन्री चॅडविक या माणसाबद्दल वाचलं. बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकड्यांतला गोषवारा) रुजवणारा आणि स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइकवर बाद होणं) इंग्रजी 'के' अक्षर देणारा हा वार्ताहर आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. ते वाचल्यावर ही वही परकी वाटेनाशी झाली. चॅडविकने 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर उचललं, कारण 'एस' आधीच सॅक्रिफाइसला (स्वतः बाद होऊन धावकाला पुढे नेणं) दिलेलं होतं. बॅट फिरवून बाद झाला तर सरळ 'के'. नुसता बघत उभा राहिला तर तेच अक्षर आरशात दिसतं तसं उलटं.

हाच मोसम का निवडला, हे बऱ्याच जणांनी विचारलं. संघाचा तारा बॅटर ब्राइस हार्पर १३ वर्षांच्या, ३३ कोटी डॉलरच्या करारावर फिलाडेल्फियाला निघून गेला होता. २३ मेच्या रात्री संघाची नोंद १९ विजय, ३१ पराभव अशी होती. त्यानंतरच्या ११२ सामन्यांत ७४ जिंकले, ३८ हरले, आणि ऑक्टोबरअखेर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. पण ते बदललं नेमकं कुठे, हे मला पानावर बघायचं होतं.

पानावर दिसलं ते असं. स्कोअरशीटवर बॅटर वरून खाली आणि इनिंग डावीकडून उजवीकडे, म्हणजे सामन्याचा शेवट पानाच्या उजव्या कडेला येतो. पहिल्या ५० सामन्यांतली प्रतिस्पर्ध्यांची पानं एकापाठोपाठ उलटत गेलो, तर डावी बाजू बहुतेक ठिकाणी मोकळी, नीटनेटकी. सामना सुरू करणारे पिचर (स्टार्टर) शेर्झर, स्ट्रासबर्ग, कॉर्बिन यांचे 'के' ओळीने बसलेले. आणि सातव्या-आठव्या रकान्यापासून पुढे रंगवलेले चौकोन. धाव पूर्ण झाली की मी आतला चौकोन निळ्या पेन्सिलीने भरतो, त्यामुळे पान हातभर लांब धरलं तरी निळं कुठे दाटलंय ते कळतं. एप्रिल-मेमध्ये ते उजवीकडेच दाटलंय. बुलपेन (मागाहून येणारे राखीव पिचर) वाईट होतं हे माहीत असणं वेगळं आणि ५० पानांच्या कडा निळ्या झालेल्या बघणं वेगळं.

२२ मेचं पान तर उघडून समोर ठेवण्यासारखं आहे. न्यूयॉर्क, मेट्सविरुद्ध. शेर्झर सहा इनिंग खेळला, एक धाव दिली नाही. नॅशनल्स १-० ने पुढे. आठव्या इनिंगमध्ये आमचा राखीव पिचर डूलिटल आल्यावर मेट्सच्या लागारेसचा तिन्ही बेस रिकामे करणारा डबल (दोन बेसचा फटका). मग राजाई डेव्हिस, जो त्याच दिवशी खालच्या संघातून गाडीने येऊन पोचला होता, पिंच हिटर (दुसऱ्याच्या जागी आलेला बॅटर) म्हणून आला आणि तीन धावांचा होम रन मारून गेला. निकाल ६-१. माझ्या पानावर मेट्सचे सात रकाने पांढरे आहेत आणि आठवा पूर्ण निळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवीच इनिंग, पुन्हा तीन धावांचा होम रन, या वेळी कार्लोस गोमेझचा. त्याच इनिंगमध्ये व्यवस्थापक डेव्ह मार्टिनेझला पंचांनी बाहेर काढलं. मेट्सनी चारही सामने जिंकले. ती चार पानं लिहायला मला दोन आठवडे लागले, बसायची इच्छाच होत नव्हती.

आता माझं म्हणणं मांडतो. वळण एका दिवशी आलं असं पानं सांगत नाहीत. २४ मेनंतरही उजव्या कडा निळ्याच आहेत, फक्त आता नॅशनल्सच्या स्वतःच्या पानावर निळं जास्त पसरत जातं. २ एप्रिलला बंट (बॅट न फिरवता चेंडू हलकेच अडवणं) मारताना बोट मोडलेला ट्रे टर्नर मेच्या मध्यावर परत आला होता, वरचा क्रम जागेवर बसला. ३१ जुलैला राखीव पिचर डॅनिएल हडसन आला, तेव्हा कुठे नवव्या इनिंगच्या रकान्यात माझी पेन्सिल शांत झाली. बुलपेन अखेरपर्यंत फारसं सुधारलंच नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये मार्टिनेझने स्टार्टर पिचर मधल्या इनिंगला आणून ते जवळजवळ टाळलंच. 'बुलपेन सावरलं म्हणून जिंकले' असं जे सर्रास लिहिलं जातं, ते मला या वहीवरून पटत नाही.

जूनमधली दोन पानं. ९ जून, सॅन दिएगो, आठवी इनिंग, सलग चार होम रन: केंड्रिक, टर्नर, ईटन, रेंडन. केंड्रिक पिचरच्या जागी पिंच हिटर म्हणून आला होता, म्हणजे नवव्या ओळीत. त्यामुळे रकान्यात सगळ्यात खाली एक भरलेला चौकोन, मग एकदम वर उडी मारून पहिल्या तीन ओळींत तीन. मधल्या ओळी कोऱ्या. त्या दिवशी पेन्सिलीला दोनदा टोक काढावं लागलं. दुसरं पान १९ जूनचं. आदल्या दिवशी बंटच्या सरावात चेंडू नाकावर बसून शेर्झरचं नाक मोडलं. डोळ्याखाली काळंनिळं झालेलं, तरी गडी उभा राहिला. सात इनिंग, दहा स्ट्राइकआउट, शून्य धावा, २-० विजय.

तंत्राबद्दल एक गोष्ट, कारण यावर मी सगळ्यात जास्त खोडरबर झिजवलंय. डबल स्विच. २०१९ मध्ये नॅशनल लीगमध्ये पिचरला बॅटिंग करावी लागे (२०२२ पासून ते थांबलं). म्हणून व्यवस्थापक पिचर बदलताना एखादा क्षेत्ररक्षकही बदलायचा आणि दोघांच्या बॅटिंगच्या जागा अदलाबदल करायचा, म्हणजे नव्या पिचरची पाळी लवकर येत नसे. कागदावर दोन ओळींत एकाच वेळी नावं बदलतात आणि एक चुकलं की पुढच्या सगळ्या पाळ्या चुकतात. दुसऱ्या रजिस्टरमध्ये माझे दोन सामने असे पूर्ण बिघडले, फाडून नव्याने लिहिले. आता मी बदल होताक्षणी दोन्ही ओळींना लाल उभी रेघ मारतो आणि समासात दोघांच्या मैदानावरच्या जागेचा आकडा आणि बदलाआधीचा बॅटिंग क्रम लिहितो: '१-९, ७-४' म्हणजे पिचर नवव्याऐवजी चौथ्या क्रमाकडे कसा गेला ते एका नजरेत कळतं. (पिचर १, कॅचर २, तीन बेस ३-४-५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून आउटफील्ड ७-८-९. शॉर्टस्टॉप दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये असून ६ का, हा गोंधळ सुरुवातीला प्रत्येकाचा होतो.)

आणि प्रत्येक पानाखाली ताळा घ्या. एका संघाच्या बॅटिंगला आलेल्या एकूण पाळ्या बरोबर धावा, अधिक बेसवर अडकलेले, अधिक झालेले आउट. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर कुठेतरी एक माणूस हरवलाय. क्रिकेटमध्ये आपण बॅटिंग आणि बोलिंगच्या बेरजा जुळवतो ना, तेच.

३ सप्टेंबरचं पान मी चौकट करून भिंतीवर लावणार आहे. पुन्हा मेट्स, पण या वेळी वॉशिंग्टनमध्ये. नवव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात मेट्सच्या पाच धावा, १०-४. मग खालच्या अर्ध्यात रोबलेसचा सिंगल, टर्नरचा डबल, रेंडन, सोटो, पिंच हिटर झिमरमनचा दोन धावांचा डबल, आणि शेवटी मेट्सचा पिचर एडविन दियाझवर कर्ट सुझुकीचा तीन धावांचा होम रन. ११-१०. मेच्या त्या पानाशेजारी हे ठेवलं की तोच संघ, तीच उजवी कड, फक्त पान दुसऱ्या बाजूचं.

पोस्टसीझन, म्हणजे नियमित मोसमानंतरची बाद फेरी. १ ऑक्टोबरच्या एका सामन्याच्या वाइल्ड कार्डमध्ये (पुढच्या फेरीत शिरण्याचा सामना) मिलवॉकी आठव्या इनिंगपर्यंत ३-१ ने पुढे होती. त्यांचा पिचर हेडरचा चेंडू टेलरला लागला, झिमरमनचा बॅट मोडून पडलेला सिंगल, रेंडनला वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस). बेस भरलेले. सोटोचा उजवीकडे सिंगल, आणि चेंडू मिलवॉकीचा उजवा आउटफील्डर ग्रिशमच्या हातमोज्याखालून मागे गेला. बेसवरचे तिघेही घरी. इथे लिहिताना काळजी घ्या: पहिल्या दोन धावा सोटोच्या खात्यात, तिसरी, रेंडनची, चुकीमुळे आली. म्हणून त्याचा चौकोन मी भरला नाही, आत तिरप्या रेघा मारल्या आणि 'ई-९' लिहिलं. खुद्द सोटो पुढे धावताना बाद झाला. इनिंग संपली, पण पान ४-३ झालं होतं.

डॉजर्सविरुद्ध पाचव्या सामन्यात त्यांचा पिचर कर्शॉच्या सलग दोन चेंडूंवर रेंडन आणि सोटोचे होम रन, मग दहाव्या इनिंगला केंड्रिकचा ग्रँड स्लॅम (बेस भरलेले असताना होम रन). छापील रकाने नऊच असतात, हे विसरू नका. दहावी इनिंग मी समासात हाताने आखली. सेंट लुईसविरुद्धची मालिका चार पानांत उरकली. चौथ्या सामन्यात पहिल्याच इनिंगला सात धावा झाल्या आणि अख्खा क्रम फिरून पुन्हा वर आला, तेव्हा दुसरा रकाना पहिल्याला जोडून पुढच्या सगळ्या रकान्यांचे आकडे बदलावे लागले.

ह्यूस्टन ॲस्ट्रोजविरुद्धची वर्ल्ड सिरीज २०१९ च्या दिवाळीत आली होती. तेव्हा मी ती वहीशिवाय, नुसती बघितली होती. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून टीव्ही लावला तर ॲस्ट्रोजच्या ब्रेगमनचा ग्रँड स्लॅम, ८-१ ने हार. पाडव्याच्या पहाटे ७-१ ने. घरच्या मैदानावर तीन सामने, तिन्ही पराभव, आणि पाचव्या सामन्याला शेर्झरची मान इतकी आखडली की तो खेळूच शकला नाही. आई म्हणाली होती, "अरे, फराळ तरी कर, ते काय तुझ्या बघण्याने जिंकणार आहेत?" या वेळी तीच पानं लिहिताना एक गोष्ट लक्षात आली: त्या तीन सामन्यांत मिळून नॅशनल्सचे निळे चौकोन फक्त तीन आहेत. पानं इतकी कोरी आहेत की मागचं लिखाण उमटलेलं दिसतं.

सहाव्या सामन्यात ह्यूस्टनमध्ये स्ट्रासबर्ग नवव्या इनिंगपर्यंत टिकला. तो सामना नॅशनल्सनी ७-२ जिंकला. आणि सातवा. मान सावरून आलेल्या शेर्झरने पाच इनिंगमध्ये ७ हिट आणि ४ वॉक दिले. म्हणजे ११ जण बेसवर, त्यातले घरी पोचले दोनच, आणि त्यातलाही एक गुरिएलच्या होम रनचा. ॲस्ट्रोजच्या पानावर पहिल्या पाच रकान्यांत नुसत्या अर्धवट रेघा आहेत: कोणी पहिल्यावर अडकला, कोणी तिसऱ्यावर. नॅशनल्सच्या पानावर सहा रकाने निळं काहीच नाही. सातव्यात रेंडनचा होम रन, सोटोला वॉक, ॲस्ट्रोजचा पिचर ग्राइंकी बाहेर, विल हॅरिस आत, आणि केंड्रिकचा चेंडू उजव्या फाउल पोलच्या जाळीवर. ३-२. तो चौकोन भरताना मी चित्रफीत थांबवली, तीनदा मागे नेली. सोटो आणि ईटनने पुढे आणखी तीन धावा आणल्या. कॉर्बिनने तीन इनिंग मोकळ्या काढल्या. नवव्यात हडसन, समोर ब्रँटली, स्विंग, सरळ 'के'. ६-२. खाली बेरीज मांडली, पहिल्या फटक्यात जुळली.

एक अडचण उरली आहे. सहाव्या सामन्यात सातव्या इनिंगला टर्नरला पहिल्या बेसकडे धावताना अडथळ्यासाठी बाद दिलं, गोम्सला पहिल्या बेसवर परत पाठवलं, आणि त्या वादात मार्टिनेझ पुन्हा बाहेर. गोम्सची पुढे गेलेली रेघ मी खोडून टर्नरच्या चौकटीत आउट लिहिलाय, बाजूला लाल वर्तुळ. पण मागे घेतलेली आगेकूच दाखवायची सुटसुटीत खूण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणी काय वापरत असाल तर चौकटीचा फोटो टाका, पेनाने फिरवण्याआधी ते पान तसंच पेन्सिलीत ठेवलंय.