तुम्ही विचारलंत म्हणून: ट्राउट दिसतो, मग लागत का नाही?

काश्मीर ग्रेट लेक्सच्या ट्रेकला निघालेले मुंबईकर हमखास विचारतात: विशनसर, गंगाबल या तळ्यांत ट्राउट मासा डोळ्यांना दिसतो, पण फ्लायला, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याला, तोंड लावत नाही. असं का?

बहुतेक वेळा चूक आपल्या पायांची असते. लहान तळ्यात ट्राउट काठालगतच फेऱ्या मारतो, कारण खाणं तिथे असतं. आपण थेट पाण्याशी जाऊन उभे राहतो आणि 20 मीटर लांब फेकतो. पायाशी असलेले मासे केव्हाच पसार झालेले असतात. त्यात हल्ली तंबू वाढलेत, काठावर दिवसभर वर्दळ, म्हणजे मासा आधीच बिचकलेला. पाण्यापासून पाच-सहा पावलं मागे गुडघ्यावर बसा आणि पहिली फेक काठाला समांतर टाका. लांब फेकीची हौस नंतर.

रॉड 9 फुटी, 5 नंबरचा, चार तुकड्यांत सुटणारा, लाइन तरंगणारी. लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडायचा बारीक दोरा, मात्र 12 फुटांचा तरी हवा, नितळ पाण्यात जाड लाइन माशाजवळ पडली की संपलं. त्याचा शेवटचा तीनेक फूट सगळ्यात बारीक भाग म्हणजे टिपेट, तो 5 एक्स, म्हणजे साधारण 0.15 मिलिमीटर जाडीचा. घाईत फेकलं की त्यात आपोआप गाठ बसते आणि दोरा त्या जागी फारच कमजोर होतो. म्हणून थोड्या-थोड्या वेळाने टिपेट बोटांतून फिरवा. गाठ हाताला लागली की कापून नवा बांधा. ‘केवढा मोठा होता, तोडून गेला’ यातले बरेचसे किस्से या गाठीचेच!

फ्लाय कुठली? क्रॉफर्ड मार्केटला फिशटँकवाल्यांकडे लाल ब्लडवर्म मिळतात ना, त्याच जातकुळीच्या किड्यांचे कोष तळ्यातला ट्राउट मनसोक्त खातो. तेव्हा 14 नंबरच्या गळावर बांधलेला काळा, सडपातळ नकली कोष घ्या. टाकल्यावर 10-15 सेकंद बुडू द्या, मग लाइन बोटांत इंच-इंच गोळा करा. भराभर ओढलीत तर मासा फिरकणार नाही, कोष कधी पळत नाही. हाताला झटका बसायची वाट बघू नका. लाइनचं टोक जरा थबकलं की रॉड वर घ्या, हिसडा न देता.

फेक मुंबईतच शिकून घ्या, मैदानावर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. गवतच बघा, काँक्रीटवर लाइनचं वेष्टन सोलवटतं. मागे गेलेली लाइन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं. आधीच पुढे ओढलीत तर चाबकासारखा फटका वाजतो. तळ्यावर तो वाजला की फ्लाय तुटून गेली समजा.

मत्स्य विभागाचं परमिट ट्रेकच्या आधी काढा. मासा सोडणार असाल तर गळाची उलटी नखी पक्कडीने दाबून टाका आणि हात ओले करूनच त्याला धरा.