विंडोज-लिनक्स फाइल शेअरिंग: रिकाम्या यादीपासून पूर्ण वेगापर्यंत

सेटअप साधा आहे. डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स, त्यावर सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला उघडू देणारा प्रोग्रॅम), आणि एका मोठ्या डिस्कवर फोटो न् गाणी. लॅपटॉपवर विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती. दोन्ही एकाच राउटरवर. लॅपटॉपवरून डिस्क उघडावी, वाचता-लिहिता यावं, एवढीच अपेक्षा. पण लॅपटॉपच्या 'नेटवर्क'मध्ये डेस्कटॉप दिसायलाच तयार नव्हता.

अशा वेळी सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे 'फायरवॉल बंद करून बघ' आणि 'एसएमबी १ चालू कर' (एसएमबी म्हणजे विंडोजची फाइल शेअरिंगची पद्धत, १ ही तिची जुनी आवृत्ती). दोन्हींना माझा विरोध आहे. एसएमबी १ मधल्याच भोकातून २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून तो नव्या इन्स्टॉलेशनमध्ये आपोआप येत नाही, आणि सांबानेही ४.११ पासून तो मुळातच बंद ठेवला आहे. एवढं झाल्यावर एका यादीसाठी त्याला परत घरात कशाला घ्यायचं?

आधी यादी बाजूला ठेवली आणि रस्ता मोकळा आहे का ते पाहिलं. पिंगला (समोरचं मशीन आहे का हे विचारणाऱ्या छोट्या निरोपाला) उत्तर आलं. मग पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन चालवून ४४५ नंबरचा, म्हणजे एसएमबीचा, पोर्ट तपासला, शेवटच्या ओळीत 'ट्रू'. म्हणजे सांबा जागा आहे, फायरवॉल आड येत नाही, राउटरही दोघांना एकमेकांपासून तोडत नाही. (लॅपटॉप राउटरच्या गेस्ट वायफायवर असता, तर बहुधा इथेच गाडी अडली असती.) एक्सप्लोररच्या पत्त्यात दोन उलटे स्लॅश देऊन डेस्कटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाकला, तर शेअर लगेच समोर!

मग यादी रिकामी का? कारण यादी भरणं आणि शेअर उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत. पूर्वी यादी नेटबायोसच्या जुन्या ब्राउझिंगमधून यायची आणि ते एसएमबी १ च्या आधारावर चालायचं. आता विंडोज शेजारी शोधतं ते डब्ल्यूएस-डिस्कव्हरीने, यूडीपी ३७०२ वर, आणि सांबा स्वतः ती हाक ऐकत नाही. डेबियनवर डब्ल्यूएसडीडी नावाचा, त्या हाकेला उत्तर देणारा छोटा डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) टाकला, आणि डेस्कटॉप यादीत हजर.

खरी गंमत पुढे आहे. शेअरवर डबल क्लिक केलं की निरोप यायचा: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार गेस्ट प्रवेश बंद आहे. घरात कसली आली संस्था! पण कारण चोख आहे. विंडोज आपल्याच युजरचं नाव पुढे करतं, सांबा त्या नावाला ओळखत नाही, आणि त्याच्या सेटिंगमध्ये 'मॅप टू गेस्ट' लावलेलं असल्यामुळे त्याला पाहुणा म्हणून आत घेतो. २४एच२ प्रो मध्ये पाहुणा म्हणून जाणं बंद झालंय, शिवाय प्रत्येक पॅकेटवर सही सक्तीची झालीय. सहीची किल्ली तयार होते लॉगिनमधून. पाहुण्याकडे पासवर्डच नाही, तर तो सही करणार कशाने? ही सक्ती काढून टाकायचे उपाय सापडतात, पण एक युजर बनवण्याचं काम त्याहून सोपं आहे. एसएमबीपासडब्ल्यूडी या कमांडला 'ए' पर्याय देऊन सांबाचा पासवर्ड ठेवला. लिनक्सचा लॉगिन पासवर्ड वेगळा, सांबाचा वेगळा, हे नव्या मंडळींनी लक्षात ठेवावं.

त्यानंतर त्रुटी १२१९: एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येत नाही. जुनं कनेक्शन विंडोजने धरून ठेवलं होतं. 'नेट यूज'मध्ये ते दिसलं, डिलीट केलं, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली शिळी नोंदही काढली. एक युक्ती सांगतो: विंडोजच्या लेखी नावाने जोडलेला सर्व्हर आणि आयपीने जोडलेला सर्व्हर हे दोन वेगळे. त्यामुळे घाईत असाल तर दुसऱ्या वाटेने जाता येतं.

वाचता येतंय पण लिहिता येत नाही, हा पुढचा टप्पा. सांबात 'रीड ओन्ली'ला 'नो' होतं, पण फोल्डरची मालकी रूटकडे, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी युजरकडे. सांबा आणि लिनक्स, दोन्ही पहारेकऱ्यांनी होकार दिला तरच फाइल आत जाते. फोल्डर एका ग्रुपच्या नावे केला, परवानगी २७७५ दिली. पुढचा दोनचा आकडा नव्या फाइलींनाही तोच ग्रुप लावतो.

उलट दिशेने, म्हणजे डेबियनवरून विंडोजचा फोल्डर उघडताना, नेटवर्क प्रोफाइल 'पब्लिक'चं 'प्रायव्हेट' केलं आणि काम झालं. विंडोजचा लॉगिन पिन मात्र तिथे चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्डच लागतो.

आता वेग. लॅपटॉपही केबलने राउटरला जोडला, तरी कॉपी सेकंदाला ११ मेगाबाइटवर अडकलेली. हा आकडा दिसला की डिस्कवर संशय घेऊ नका, लिंक १०० मेगाबिटवर आहे का ते बघा. डेस्कटॉपवर ईथटूल या कमांडने तेच सांगितलं. केबलचं टोक उजेडात धरून पाहिलं: आठ सोनेरी पिनांपैकी सातवी इतरांच्या रेषेत नव्हती, प्लॅस्टिकच्या खाचेत आत दबलेली. १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ एवढ्याच पिना पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. म्हणून दिवा लागत होता, इंटरनेट चालत होतं आणि कुणालाच शंका येत नव्हती. केबल बदलली, मोठी व्हिडिओ फाइल आता ११० च्या आसपास धावते.

आयपी बदलू नये म्हणून राउटरमध्ये डेस्कटॉपचा आयपी राखून ठेवलाय. उरलंय ते हजारो बारक्या फोटोंचं: प्रत्येक फाइलमागे उघडा-लिहा-बंद करा अशा फेऱ्या होतात आणि वेग कोसळतो. पुढच्या नोंदीआधी तोच फोल्डर एकदा टारमध्ये (सगळ्यांची एकच फाइल करून) बांधून आणि एकदा एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने पाठवून बघणार आहे.