दोन मतांनी गेलेली जागा आणि मतदार म्हणून आम्ही लढवलेली केस

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की उमेदवार नसताना निकालाला कोर्टात आव्हान देता येतं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. येतं. मी उमेदवार नव्हते, पॅनलमध्ये नव्हते, प्रचारालाही फारशी फिरले नव्हते. फक्त यादीत नाव असलेली मतदार.

ग्रामपंचायतीची निवडणूक १५ जानेवारी २०२१ ची, कोरोना काळातली, मोजणी १८ तारखेला. आमच्या वॉर्डातली एक जागा दोन मतांनी गेली. त्या वेळी सरपंच थेट जनतेतून नव्हता, निवडून आलेले सदस्य सरपंच निवडणार होते, आणि बाकीच्या जागांवर दोन्ही पॅनल बरोबरीला आलेली, त्यामुळे त्या एका जागेवर अख्खी ग्रामपंचायत फिरत होती. रात्री चावडीसमोर पन्नास माणसं ओरडत होती की कोर्टात जाऊ, सोडायचं नाही, मी साक्ष देतो, मी पैसे देतो. सकाळी त्यातले चार उरले. आणि पडलेले उमेदवार, त्यांना आपण भाऊ म्हणू, ते म्हणाले मला नको, समोरचा भावकीतला आहे, उद्या लग्नकार्यात तोंड दाखवायचंय. मला राग आला पण त्यांचंही बरोबरच होतं.

मग गुरुजी (रिटायर्ड शिक्षक, गावात सगळे तेवढंच म्हणतात) म्हणाले की कायदा काय म्हणतो ते तरी बघू. तालुक्याच्या वकीलसाहेबांनी पुस्तक उघडून दाखवलं, ग्रामपंचायत अधिनियम कलम १५. निवडणूक लढवलेला माणूस किंवा त्या निवडणुकीत मत द्यायला पात्र असलेला कोणीही, निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे अर्ज करू शकतो. आमदार-खासदाराच्या निवडणुकीला पंचेचाळीस दिवस मिळतात आणि थेट हायकोर्टात जावं लागतं, तिथंही साधा मतदार याचिका करू शकतो. आपल्याला मात्र पंधराच दिवस, आणि त्यातले बरेच तर लोकांच्या घरी जाऊन "काका तुम्ही रात्री म्हणाला होता ना" असं विचारण्यात गेले.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. आम्ही वकीलसाहेबांकडे तक्रारींची भलीमोठी यादी घेऊन गेलो होतो, पैसे वाटले, मुंबईला राहणाऱ्यांची नावं यादीत घुसवली, मोजणीच्या वेळी लाईट गेली, अधिकारी फोनवर बोलत होता, वगैरे वगैरे. साहेबांनी पेन घेतलं आणि एकेक खोडायला लागले. पैसे वाटले हा भ्रष्ट आचार, तो फौजदारी गुन्ह्यासारखा काटेकोर सिद्ध करावा लागतो, कोणी कोणाला कधी कुठे दिले, साक्षीदार कोण, आहे का? नाही. खोडा. यादीतली नावं, त्याला हरकत घ्यायची वेळ प्रारूप (कच्ची) यादी लागते तेव्हा असते, निकालानंतर कोर्ट मतदार यादी बरोबर की चूक यात शिरत नाही. खोडा. लाईट गेली, मग त्यानं कोणाचं मत बदललं? खोडा. फरक फक्त दोन मतांचा आहे हो, असं मी जरा चिडूनच म्हणाले, तर म्हणाले फरक कमी आहे एवढ्यावर फेरमोजणीसुद्धा मिळत नाही, सुप्रीम कोर्टानं हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, मताची गुप्तता अशी सहज उघडत नाहीत. मला नाव द्या, अनुक्रमांक द्या, आणि अशी मतं दोनपेक्षा जास्त दाखवा. बाकी सगळं चावडीवर बोला.

तसं बघता बघता चार मतं उरली.

पहिलं वॉर्डातल्या एका काकूंचं. काकू दुपारी बूथवर गेल्या तर त्यांच्या नावावर आधीच मतदान झालेलं. बहुतेक लोक अशा वेळी शिव्या घालत घरी येतात. काकू हलल्याच नाहीत. केंद्राध्यक्षांनी ओळख पटवून त्यांना कागदी मतपत्रिका दिली, ती शिक्का मारून लिफाफ्यात गेली. याला प्रदत्त मत म्हणतात, लोक टेंडर वोट म्हणतात. हे मत मोजणीत धरत नाहीत, सीलबंद पडून राहतं, कोर्टानं सांगितलं तरच उघडतं. दुसरं तसंच एका पोराचं. तिसरं मत एका आजोबांच्या नावाचं, जे दिवाळीआधीच वारले होते पण नाव यादीतून निघालं नव्हतं. चौथं एका बाईंचं, ज्या मतदानाच्या दिवशी पुण्यात दवाखान्यात ॲडमिट होत्या.

काकू, गुरुजी आणि मी असे तिघं अर्जदार झालो. वॉर्डातले त्या जागेचे सगळे उमेदवार सामनेवाले (विरुद्ध पक्ष) केले, म्हणजे ज्यांच्यासाठी भांडत होतो ते भाऊपण सामनेवालेच! पहिलं समन्स त्यांच्याच घरी गेलं, वहिनी दोन महिने माझ्याशी बोलत नव्हत्या.

अर्जासोबतच आम्ही अजून एक अर्ज दिला की मतदानाचे सीलबंद कागद, खूण केलेली मतदार यादी, मतदारांच्या सह्यांची नोंदवही आणि प्रदत्त मतांचा लिफाफा जपून ठेवायचा आदेश व्हावा. हे कोणी विसरू नका. हे कागद कायमचे ठेवत नाहीत, मुदतीनंतर नष्ट करतात, आणि ते गेले की तुमची केस फक्त तोंडी राहते. ग्रामपंचायतीच्या मशीनला व्हीव्हीपॅटची (मत कोणाला गेलं ते छापणारी) चिठ्ठी नसते, त्यामुळे मशीन पुन्हा मोजली तरी तोच आकडा दिसतो. आमची सगळी मदार त्या नोंदवहीवर होती.

मग एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि कोर्टात फक्त तातडीची कामं चालू राहिली. आमचं तातडीचं धरलं नाही. पुढे काय झालं त्यात फार काही नाही, समन्स बजावणी झाली नाही म्हणून तारीख, कैफियत (समोरच्यांचं लेखी उत्तर) आली नाही म्हणून तारीख, जजसाहेब रजेवर म्हणून तारीख. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहितीय, त्यामुळे सोडून देते. तोवर निवडून आलेले ते सदस्य मिटिंगा आणि बैठक भत्ता घेत होतेच, सरपंचही त्यांच्याच पॅनलचा झाला होता.

नोंदवही कोर्टात उघडली तो दिवस मात्र विसरणार नाही. काकू चौथी शिकलेल्या, बचत गटाच्या अध्यक्षा राहिलेल्या, झोकात सही करतात. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे अंगठा! समोरच्या वकिलांनी उलटतपासणीत त्यांना बरंच घोळवलं, तुम्ही सकाळी येऊन अंगठा देऊन गेलात आणि दुपारी परत नाटक केलंत असं सुचवलं, तर काकू म्हणाल्या साहेब मी बँकेत वीस वर्षं सही करते, मतदानाला अंगठा कशाला लावू, मला काय हात नाहीत का. जजसाहेबांनी हसू दाबत "ते लिहून घ्या" म्हटलं. आजोबांच्या मृत्यूच्या नोंदीचा दाखला ग्रामसेवकांनी हजर केला, दवाखान्याचं रेकॉर्ड घेऊन तिथला क्लार्क आला. दवाखान्याचं रेकॉर्ड सिद्ध करायला तिथला माणूसच लागतो, नुसती डिस्चार्जची झेरॉक्स चालत नाही, हेपण तिथंच कळलं.

आणि मग लिफाफा. दोन प्रदत्त मतं कोर्टासमोर उघडली. दोन्ही भाऊंची असती तर बरोबरी झाली असती का, मग न्यायाधीशांसमोर चिठ्ठी टाकायची का (कायद्यात तशी तरतूद आहे खरंच), यावर आमची बाहेर चहाच्या टपरीवर केवढी चर्चा झालेली. निघालं काय तर एक मत भाऊंना, एक समोरच्याला. काकूंचं कोणाला असणार हे सगळ्या गावाला माहीत, म्हणजे आमच्या बाजूनं साक्ष दिलेल्या त्या पोरानं मत समोरच्याला दिलं होतं! तो मान खाली घालून उभा. मला त्याचं उलट कौतुक वाटलं, ज्याला मत दिलं त्याच्याच विरुद्ध जाणाऱ्या केसमध्ये येऊन खरं बोलला की माझ्या नावावर दुसऱ्यानं मतदान केलं. पण अशी केस केली की गुप्त मतदान गुप्त राहत नाही, हे साक्षीदाराला आधी स्पष्ट सांगा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटचा युक्तिवाद सगळा एकाच मुद्द्यावर झाला. ती चार बोगस मतं मशीनमध्ये कोणाला पडली? समोरचे म्हणाले ती विजयी उमेदवाराला पडली हे अर्जदारांनी सिद्ध करावं. आमचे म्हणाले मशीनमधलं मत कोणाचं हे कोणीच सिद्ध करू शकत नाही, अशक्य गोष्ट मागू नका, फरक दोनाचा आणि बोगस चार, निकालावर परिणाम झाला एवढं पुरे. न्यायाधीशांनी आमचं मान्य केलं. भाऊंना विजयी घोषित केलं नाही, त्या जागेची निवडणूक रद्द केली.

पेढे वाटले, आणि पंधरवडा व्हायच्या आत समोरच्यांनी हायकोर्टात रिट याचिका करून निकालाला स्थगिती आणली. तोच मुद्दा, मतं कोणाला पडली. मध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये गुरुजींनी बातमी पाठवली, हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावच्या सरपंचपदाची मशीनं सुप्रीम कोर्टानं मागवून स्वतःच्या आवारात मोजली आणि २०२२ च्या निवडणुकीचा निकाल फिरला, हरलेला ५१ मतांनी जिंकला. गुरुजी एकदम जोशात. पण तिथला घोळ आकडेमोडीचा होता, मशीन मोजली की सुटणारा. आमचा घोळ मशीनच्या आधीचा, बोट कोणाचं होतं याचा. त्यामुळे ती बातमी आमच्या कामाची नाही, असं वकीलसाहेबांनी गुरुजींना समजावलं आणि गुरुजी दोन दिवस नाराज होते.

सध्या रिट प्रलंबित आहे, पाच वर्षांची मुदत संपत आलीय, मुदत संपली की वादच उरत नाही म्हणून रिट निकाली निघेल असं साहेब म्हणतात. मी खालच्या कोर्टाच्या निकालाची नक्कल काढून ठेवलीय. काकूंनी मागच्या आठवड्यात प्रारूप यादीची चौकशी केली, त्या आजोबांचं नाव अजून तिथंच आहे, तर यावेळी हरकतीचा अर्ज आम्ही आधीच टाईप करून ठेवलाय, कोणाला नमुना हवा असेल तर सांगा.